यंत्राचा पट्टा : त्याची झीज, तूट आणि बदल

आश्विन महिना हा सोयाबीनच्या काढणीचा महिना होय. याच दिवसांत परतीचा पाऊस केव्हां गांठील याचा नेम नसतो. कापलेलें पीक गंजींत आहे, मळणीयंत्र खळ्यावर उभें आहे, मजूर सांगून ठेविलेले आहेत, आणि नेमका अशा वेळीं यंत्राचा पट्टा तुटतो. तालुक्याच्या गांवाहून नवा पट्टा येईपर्यंत एक दिवस जातो. त्या रात्रीं पाऊस आला तर शेंगेंतला दाणा काळवंडतो, त्याला मोड येतात व बाजारांत भाव पडतो. मजुरांचा रोज अंगावर बसतो, आणि यंत्र भाड्याचें असेल तर त्याचा धनी दुसऱ्या गांवीं निघून जातो. या सर्वांचा हिशेब मांडला तर तो तुटलेल्या पट्ट्याच्या किंमतीच्या कितीतरी पट भरतो.

प्रस्तुत लेखकाची हयात मुलकी खात्यांत गेली. अतिवृष्टीचे पंचनामे होतात, गारपिटीचे होतात. परंतु वेळेवर पट्टा न बदलल्यामुळें मळणी लांबली, असा रकाना कोणत्याही पंचनाम्यांत नाहीं. हें नुकसान ज्याचें त्यानेंच सोसावयाचें असतें. म्हणून तें टाळण्याची विद्याही ज्याची त्यानेंच शिकली पाहिजे. ती अवघड नाहीं व तिला खर्चही फारसा लागत नाहीं.

पट्टा कोठून आला

पूर्वी इंजिनापासून यंत्रापर्यंत शक्ति नेण्याकरितां चामड्याचा किंवा जाड कापडाचा सपाट पट्टा वापरीत. जुन्या पिठाच्या गिरण्यांतून तो अद्याप कोठें कोठें दिसतो. आपल्या प्रांतांत शेतीच्या यंत्रांचा पाया घालणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. पुढें १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली, व तेलावर चालणारें इंजिन विहिरीच्या कांठीं व खळ्यावर दिसूं लागलें. इंजिन आलें तेथें पट्टाही आला.

रबर उन्हाळ्यांत चिकट होई व थंडींत तडके. १८३९ सालीं अमेरिकेंतील चार्लस गुडइयर याला गंधक आणि उष्णता यांच्या योगानें तें पक्कें करण्याची युक्ति सांपडली. त्यानंतर १९१७ सालीं डेन्व्हर येथील जॉन गेट्स यानें रबर व दोरा यांचा, पाचरीच्या आकाराचा पट्टा तयार केला. यालाच आपण व्ही-पट्टा किंवा नुसता बेल्ट म्हणतों. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, भाताची गिरणी व पॉवर टिलर या सर्वांत आज बहुधा हाच असतो.

पाचरीचा गुण

सपाट पट्टा पुलीला केवळ पाठीवरून धरतो. व्ही-पट्टा खाचेंत पाचरीसारखा बसतो व दोन्ही कुशींनीं पुलीला पकडतो. या खाचेचा कोन साधारणतः ३४ ते ३८ अंश असतो. ३८ अंशांच्या खाचेंत पट्ट्याची पकड सपाट पट्ट्याच्या मानानें सुमारें तिप्पट होते, असें गणित आहे. म्हणून थोड्या ताणावर तो अधिक शक्ति नेतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. व्ही-पट्ट्याचें काम त्याच्या कुशी करतात, तळ करीत नाहीं. पट्ट्याचा तळ व खाचेचा तळ यांमध्यें नेहमीं मोकळी जागा असली पाहिजे. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकचकीत दिसला कीं समजावें, एकतर पट्टा झिजून खालीं बसला आहे, किंवा खाचेच्या भिंती खाल्ल्या गेल्या आहेत. अशा वेळीं पाचरीचा गुण नाहींसा होतो व पट्टा घसरूं लागतो.

पट्ट्याचा खरा जीव त्याच्या पोटांतील दोऱ्यांत असतो. पूर्वी हे दोरे सुताचे असत, आतां ते बहुधा पॉलिएस्टरचे असतात. सर्व ओढ हे दोरे सोसतात. भोंवतालचें रबर व कापड त्यांना आकार व पकड देतें. बाहेरून पट्टा धडधाकट दिसला तरी आंतले दोरे तुटले असतील तर त्याचे दिवस भरले असें समजावें.

ओढीचा हिशेब

पट्ट्यावर किती भार पडतो हें अंकांनीं पाहिलें म्हणजे काळजी घेण्याचें कारण पटतें. इंजिन मिनिटास १५०० फेरे घेतें, त्याची पुली ५ इंचांची आहे, व ड्रमला ५०० फेरे पाहिजेत असें धरूं. फेरे तिसऱ्या हिश्श्यावर आणावयाचे, तर ड्रमची पुली तिप्पट, म्हणजे १५ इंचांची हवी. या जोडींत पट्टा सेकंदास सुमारें १० मीटर धांवतो. इंजिन साडेसात अश्वशक्तीचें असेल व पुरतें राबत असेल, तर पट्ट्याच्या ताणलेल्या व सैल बाजूंच्या ओढींत सुमारें ५७ किलोंचा फरक पडतो. दोन पट्टे असतील तर हा भार दोघांत वांटला जातो. एक सैल असेल तर तो जवळजवळ एकट्यावर येतो.

आतां कोणी ५ इंचांच्या जागीं ४ इंचांची व १५ च्या जागीं १२ इंचांची पुली बसविली. फेरे तेच राहिले. परंतु पट्ट्याची गति सेकंदास ८ मीटरांवर आली व तीच ओढ सुमारें ७१ किलो झाली. शिवाय लहान पुलीवर पट्ट्याला प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकावें लागतें, व त्या वांकण्यानें तो आंतून तापतो. स्वस्त म्हणून घेतलेली लहान पुली पट्टा कसा खाते तें यावरून दिसेल. जागेच्या अडचणीमुळें पुली लहानच ठेवावी लागत असेल तर आंतल्या बाजूस दांते पाडलेला पट्टा घ्यावा. तो सहज वांकतो व कमी तापतो.

उष्णता ही पट्ट्याची मुख्य वैरीण होय. रबर फार तापूं लागलें म्हणजे पुढें प्रत्येक १० अंश सेल्सिअसला त्याचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असें कारखानदारांचें ढोबळ मान आहे. घसरणारा पट्टा तापतो, तापलेला कडक होतो, कडक झालेला अधिक घसरतो. हें चक्र एकदां सुरू झालें कीं तूट दूर नसते.

झीज कशी ओळखावी

इंजिन बंद करून, पट्टा हातानें फिरवीत उजेडांत पाहावा. त्याच्या अंगावरील खुणा रोग सांगतात.

कुशी काळ्या, गुळगुळीत व चकाकणाऱ्या झाल्या असतील तर पट्टा घसरत आहे. ताण कमी आहे किंवा भार अधिक आहे. आंतल्या बाजूस आडव्या भेगा पडल्या असतील तर तो उष्णतेनें अथवा लहान पुलीनें वाळला आहे. एकच कूस झिजून तिचें कापड उसवलें असेल तर दोन्ही पुल्या एका रेषेंत नाहींत. पट्टा फुगला असेल, मऊ व चिकट लागत असेल, तर त्यावर डिझेल, ऑइल किंवा ग्रीस पडलें आहे. पट्टा खाचेंत वारंवार उलटत असेल तर त्याचे कांहीं दोरे तुटले आहेत, अथवा खाचेंत भुसा व माती दाटली आहे. पट्टा एकाएकीं सरळ तुटला तर ओला पेंढा किंवा लांकूड अडकून ड्रम गच्च झाला असावा. एकाच ठिकाणीं कुशींना खळगा पडून तेथें जळका वास येत असेल तर ड्रम अडकला असतांही इंजिन चालूच राहिलें, व उभ्या पट्ट्याला फिरत्या पुलीनें घांसून काढलें.

कानानेंही कळतें. यंत्रावर भार पडतांच किंचाळल्यासारखा आवाज निघूं लागला कीं पट्टा घसरतो. येथें कित्येक जण राळेची पूड किंवा साबण लावून आवाज बंद करतात. राळ ही चामड्याच्या सपाट पट्ट्याची वस्तु होय. व्ही-पट्ट्यावर ती टाकल्यानें आवाज थांबतो, रोग तसाच राहतो; आणि तिच्यावर धूळ बसून कुशी कानशीनें घांसल्याप्रमाणें खाल्ल्या जातात.

घसरणाऱ्या पट्ट्याचा दोष दाण्यावरही उतरतो. ड्रम मंदावतो व शेंगा न फुटतां भुशांत जातात. मग आपण इंजिनाची गति वाढवितों. भार हलका होतांच पट्टा पुन्हां पकड घेतो, ड्रम एकदम जोरानें फिरूं लागतो व दाणा फुटतो. सोयाबीन बियाण्याकरितां राखावयाचें असेल तर हें फारच घातक. दाण्यांत १४ टक्के ओलावा असतांना मिनिटास ४०० ते ५०० व १३ टक्के असतांना ३०० ते ४०० फेरे ठेवावे, अशी कृषितज्ज्ञांची शिफारस आहे. ज्याचा पट्टा घसरतो त्याला हे फेरे राखतां येणें शक्यच नाहीं. उगवण कमी झाली कीं आपण बियाण्याला बोल लावतों. मूळ कारण कित्येकदां सैल पट्ट्यांत असतें.

बर्फावरील गाडीचा धडा

उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ मुलुखांत हिवाळ्यांत रस्ते बुजून जातात, तेव्हां लोक पुढें घसरण्या व मागें फिरती रबरी साखळी असलेल्या लहान मोटरगाडीवरून जातात. कॅनडांतील क्वीबेक प्रांतांत वालकूर गांवच्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिये यानें १९५९ सालीं अशी लहान गाडी विक्रीस काढली. आजच्या अशा गाड्यांत गिअरांच्या जागीं व्ही-पट्टाच असतो; परंतु त्याच्या दोन्ही पुल्या दुभंगलेल्या असतात. पुलीच्या दोन तबकड्या जवळ आल्या कीं पट्टा वर चढतो, दूर गेल्या कीं खालीं उतरतो. त्यामुळें पुली लहान-मोठी केल्यासारखें होऊन गति आपोआप बदलते. हॉलंडांतील डाफ कारखान्यानें १९५८ सालीं ही योजना मोटारींत आणली. आपल्याकडे १९८४ सालीं निघालेल्या कायनेटिक होंडा या स्कूटरींत तीच होती, व आज घरोघरच्या बिनगिअरच्या स्कूटरींत आहे. कित्येक मोठ्या कापणीयंत्रांतही ड्रमची गति अशाच पट्ट्यानें कमीजास्त करतात.

या पट्ट्याची रुंदी हेंच त्याचें आयुष्य. कुशी झिजून तो अरुंद झाला कीं नेमून दिलेल्या उंचीवर चढूं शकत नाहीं, व गाडीचा वेग घटतो. म्हणून बर्फावरील गाडीचा पट्टा नव्याच्या मानानें सुमारें ३ मिलिमीटर अरुंद झाला म्हणजे बदलतात. नेमकी मर्यादा त्या त्या गाडीच्या पुस्तकांत दिलेली असते. गाडी बर्फांत रुतली असतां नुसता जोर दिला तर पुली फिरते व पट्टा जागींच उभा राहून जळतो. मग प्रत्येक फेऱ्याला गाडी हिसका देते. गच्च झालेल्या मळणीयंत्राचें हेंच होतें. मुलूख वेगळा, हवा वेगळी, रोग एकच. नवा पट्टा घातल्यावर ते लोक पहिले कांहीं मैल गाडी हळू चालवितात, म्हणजे कुशी पुलीशीं जुळून येतात. आणि जाणते लोक दुसरा पट्टा बरोबर घेतल्याविना बाहेर पडत नाहींत. कारण निर्मनुष्य बर्फांत पट्टा तुटणें हा जिवावरचा प्रसंग असतो. आपल्याकडे प्रसंग पिकावरचा असतो, एवढाच भेद.

पट्टा बदलण्याची रीत

प्रथम पट्ट्याची ओळख करून घ्यावी. त्याच्या पाठीवर जात व लांबी छापलेली असते. ए जातीची पाठ १३ मिलिमीटर रुंद व जाडी ८ असते; बी जातीची १७ व ११; सी जातीची २२ व १४. बी ६५ याचा अर्थ बी जातीचा, आंतून ६५ इंच घेराचा पट्टा. हा आंकडा झिजून जाण्यापूर्वींच वहींत टिपून ठेवावा. दुकानदारास नुसता जुना पट्टा दाखवूं नये; जुना पट्टा ताणून लांबलेला असतो. बी जातीच्या खाचेंत ए जातीचा पट्टा बसतो खरा, पण तो तळाला टेकतो व पाचरीचें काम करीत नाहीं.

पुलीवर दोन किंवा तीन पट्टे असतील तर सर्व एकदम बदलावे व ते एकाच कारखान्याचे असावे. एक नवा व दोन जुने ठेविले तर नवा आंखूड असल्यानें सारा भार तोच उचलतो व लवकरच तुटतो. काढलेल्या जुन्यांपैकीं बरे दिसतील ते अडचणीच्या वेळेकरितां ठेवावे, पण तेही जोडीनेंच वापरावे.

इंजिन बंद करावें. विजेची मोटार असेल तर स्विच पाडून फ्यूज काढून घ्यावा. ट्रॅक्टर असेल तर किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवावी. मग मोटारीचे किंवा इंजिनाचे पायाचे बोल्ट ढिले करून तें पुढें सरकवावें, व पट्टा हातानें, अलगद पुलीवर घालावा. पहार किंवा टॉमी अडकवून पट्टा पुलीच्या कडेवरून चढविण्याची जी चाल आहे ती अगदीं सोडून द्यावी. त्या एका हिसक्यांत आंतले दोरे तुटतात व पुलीची कडही मोडते. नवा पट्टा आठ दिवसांत उलटला किंवा तुटला तर दुकानदाराला दोष देण्यापूर्वीं तो कसा चढविला होता हें विचारावें.

पट्टा घालण्यापूर्वीं खाचा कोरड्या फडक्यानें पुसाव्या. त्यांच्या भिंती सरळ असाव्या. बशीसारख्या पोखरल्या असतील तर पुलीही बदलावी, नाहींतर नवा पट्टाही तशीच वाट धरील. मग एक दोरी घेऊन ती दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून ताणून धरावी. पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या असल्यास दोरी दोन्ही पुल्यांना दोन दोन ठिकाणीं, एकंदर चार ठिकाणीं टेकली पाहिजे. कोठें फट दिसली तर तितकें इंजिन हलवावें.

शेवटीं ताण. दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा दाबून पाहावा. पुल्यांमधील मोकळा पट्टा एक मीटर असेल तर तो सुमारें १६ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीइतका दबावा. त्यास किती जोर लावावा हें पट्ट्याच्या जातीवर व पुलीवर अवलंबून असतें. कारखान्याच्या पत्रकांत तें दिलेलें असतें, व साध्या ताणकांट्यानें मोजतां येतें. ताण कमी तर पट्टा जळतो. फार झाला तर बेअरिंग तापतात व दांड्यावर जोर येतो. भार पडला असतां न घसरेल इतका कमींत कमी ताण तोच योग्य ताण. नवा पट्टा पहिल्या कांहीं तासांत थोडा सैल होतोच. म्हणून अर्ध्या तासानें एकदां व दिवसभराच्या कामानंतर पुन्हां एकदां ताण पाहून घ्यावा. बहुतेक नवे पट्टे या एका हयगयीनें अकालीं जातात.

हातापायांचें मोल

आतांपर्यंत पैशांचें बोललों. परंतु फिरता पट्टा व पुली यांमध्यें सांपडलेलें बोट परत येत नाहीं. शक्तीवर चालणाऱ्या मळणीयंत्रांनीं जायबंदी होणाऱ्यांची संख्या पाहून संसदेनें १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्यांत मळणीयंत्राचा समावेश असून जखमीस नुकसानभरपाईची तरतूद आहे. परंतु भरपाईनें हात उगवत नाहीं.

पट्ट्यावरील जाळी हा दागिना नव्हे. पट्टा बदलण्यास अडचण होते म्हणून एकदां काढलेली जाळी पुन्हां बसविली जात नाहीं, असा सर्वत्र अनुभव आहे. जाळी बसल्याखेरीज पट्टा बदलण्याचें काम पुरें झालें असें धरूं नये. यंत्राजवळ पदर, ओढणी, उपरणें, सैल बाही नसावी. चालत्या पट्ट्यावर कांहीं टाकूं नये व निसटूं लागलेला पट्टा पायानें किंवा काठीनें रेटूं नये. मुलांना त्या बाजूस फिरकूं देऊं नये. आणि मळणी भाड्याच्या यंत्रानें होत असली तरी खळें आपलें आहे व मजूर आपल्या शब्दावर आलेला आहे. जाळी नसलेलें यंत्र खळ्यावर लावूं न देण्याचा अधिकार धन्याला आहे व तें त्याचें कर्तव्यही आहे.

जपणूक

हंगाम संपल्यावर पट्ट्याचा ताण ढिला करावा. दीर्घ काळ एकाच जागीं ताणून राहिलेल्या पट्ट्याला बांक येतो. राखीव पट्टा ऊन, डिझेल व विजेच्या चालत्या मोटारीपासून दूर, कोरड्या जागीं ठेवावा. खिळ्याला टांगूं नये, रुंद लांकडी खुंटीवर ठेवावा. घट्ट वेटाळून किंवा पोत्याखालीं दाबून ठेवूं नये. उंदरांपासूनही जपावें.

खंडेनवमीला आपण अवजारें धुऊन पुसून त्यांची पूजा करतों. सोयाबीनची मळणी त्याच सुमारास येते. त्या दिवशीं हळदकुंकू वाहण्यापूर्वीं पट्टा हातानें फिरवून त्याच्या कुशी पाहाव्या, दोरी लावून पुल्या तपासाव्या, ताण बोटानें दाबून पाहावा, जाळीचे बोल्ट आवळावे, आणि वहींत टिपलेल्या आंकड्याचा एक संच घरांत आहे कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी. एवढ्या कामाला अर्धा तास पुरतो. तितकें झालें म्हणजे आभाळ भरून आलें तरी निदान पट्ट्यामुळें गंजी खळ्यावर पडून राहणार नाहीं.